आमची ट्रिप फिरवणारा धूर कुठून आला?

परवा रात्री जेवण झाल्यावर गच्चीवर गेलो आणि तो ओळखीचा वास आला. एप्रिलमध्ये आमच्या पूर्व विदर्भात या वासाचं कोणाला नवल नाही. टेकडीच्या अंगावर लाल रेघ हळूहळू सरकत होती. सकाळी ग्रुपवर तिचा फोटो फिरला आणि खाली लगेच निकालही लागला : "मोहवाल्यांनीच लावली असणार."

हे वाक्य मी स्वतः बातमीत किती वेळा लिहिलंय, मोजलेलं नाही. दर उन्हाळ्यात प्रेसनोट यायची, मी मथळा बदलून पुढे पाठवायचो. त्या टेकडीवर जाऊन कोणाला काही विचारावं असं कधी वाटलं नाही. आपलं काहीतरी चुकतंय हे पहिल्यांदा जाणवलं ते इथे नाही, तर अमेरिकेत, एका फसलेल्या सहलीत. त्या सहलीची आणि तिच्यामागच्या इतिहासाची गोष्ट आज सांगतो. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

२०१८चा जुलै महिना. माझी धाकटी बहीण कॅलिफोर्नियात सॅन होजेला राहते. आईला घेऊन मी महिनाभर तिच्याकडे गेलो होतो. जावईबापूंनी सुट्टी काढून गाडीनं योसेमिटीला जायचा बेत आखला होता. सिएरा नेवाडा डोंगरातली ही दरी म्हणजे उंच कडे, धबधबे आणि जुनं जंगल. हॉटेल कधीचं बुक झालेलं. आईनं तर नेटवरचे धबधब्यांचे फोटो शेजारच्या काकूंना आधीच पाठवून दिले होते.

शुक्रवारी, २७ तारखेला निघायचं होतं. मंगळवारी बातमी आली की बुधवार, २५ जुलैच्या दुपारपासून योसेमिटी व्हॅली बंद. १३ जुलैला दरीच्या पश्चिमेला एक वणवा सुरू झाला होता, 'फर्ग्युसन फायर' नावाचा. आग दरीत शिरली नव्हती, पण धूर शिरला होता आणि चारी बाजूंच्या कड्यांमुळे तिथेच कोंडला होता. आगीमुळे ही दरी पर्यटकांसाठी बंद करायची वेळ १९९० नंतर पहिल्यांदाच आली होती.

आईला दमा आहे, त्यामुळे घासाघीस करायचा प्रश्नच नव्हता. जावई म्हणाले, "दादा, आपण नॉर्थला जाऊ. लासेन, माउंट शास्ता, तेही भारी आहे." पण २३ जुलैलाच रेडिंग शहराजवळ दुसरी आग लागली होती, 'कार फायर'. २६च्या संध्याकाळी ती शहरात घुसली. आगीची अशी वावटळ उठली की घरांची छपरं आणि विजेचे टॉवर मोडले. टीव्हीवर ते बघून घरात कोणी बोलेना. तो बेतही गेला.

मग जेवणाच्या टेबलावर मोबाईल मधे ठेवून आम्ही सगळे हवेचा नकाशा बघत बसलो. हिरवा म्हणजे चांगली हवा, मग पिवळा, नारिंगी, लाल, जांभळा. बहीण म्हणाली, "पूर्वी बाहेर जाताना पाऊस बघायचो, आता धूर बघतो." ताहोच्या तलावाचं नाव निघालं, तिकडेही वाऱ्याचा भरवसा नव्हता. शेवटी आईच म्हणाली, "समुद्राकडे चला ना. तिकडून वारा येतो, तर धूर तिकडे कसा जाईल?" कोकणात मावशीकडे काढलेल्या चार उन्हाळ्यांवर बांधलेला तिचा हा अंदाज नकाशाशी बरोबर जुळला. किनाऱ्याची पट्टी हिरवी होती.

आम्ही मॉन्टेरे आणि बिग सरकडे गेलो. त्यातही गंमत अशी की किनाऱ्याचा तो प्रसिद्ध हायवे वन, मड क्रीक इथे मे २०१७ मध्ये प्रचंड दरड कोसळल्यापासून बंद होता आणि नुकताच, १८ जुलैला, पुन्हा सुरू झाला होता. म्हणजे आगीनं एक रस्ता बंद केला आणि दरडीनं अडवलेला दुसरा तेवढ्यात मोकळा झाला. समुद्र, धुकं, गार वारा. आईचा खोकला दोन दिवसांत बसला.

पण माझ्या डोक्यात राहिलं ते आईचं एक वाक्य. हॉटेलात टीव्हीवर आगीच्या बातम्या चालल्या होत्या. ती म्हणाली, "आपल्याकडे मोह वेचायला झाडाखालचा पाला जाळतात. एवढी आग कधी होत नाही. इथे पाला कोणी जाळतच नाही का?"

मी तेव्हा हसलो. परत आल्यावर मात्र वाचायला लागलो, आणि आईचा प्रश्न अगदी नेमका होता हे कळत गेलं.

कॅलिफोर्नियाच्या लिखित इतिहासाच्या सुरुवातीलाच धूर आहे. १५४२ साली काब्रियो हा स्पेनच्या सेवेतला दर्यावर्दी या किनाऱ्यावर आला. आजच्या लॉस एंजेलिसजवळच्या एका उपसागराला त्यानं नावच दिलं, 'धुरांचा उपसागर'. किनाऱ्यावर माणसं राहत होती आणि ती आग वापरत होती. संशोधकांचा अंदाज असा की १८०० सालाच्या आधी कॅलिफोर्नियात दरवर्षी सरासरी ४५ लाख एकर जमीन जळत असावी. काही विजेनं पेटायची, काही माणसांनी पेटवलेली असायची. पण ती आग बहुतेक ठिकाणी जमिनीलगत चालायची. गवत, पाला, काटक्या खाऊन पुढे जायची. मोठी झाडं काळी पडायची, पण उभी राहायची.

योसेमिटीच्या दरीत मिवोक लोकांची वस्ती होती. त्यांचं मुख्य अन्न म्हणजे ओकच्या झाडाची फळं. ती वाळवून, कुटून, कडवटपणा धुऊन काढून त्याचं पीठ करायचं. ही फळं वेचायला सोपी जावीत, किडकी फळं जळून जावीत, झाडाखाली झुडपांची गर्दी होऊ नये म्हणून ते ओकखालचा पाला जाळायचे. आग लागून गेल्यावर झुडपांना सरळ, लवचिक कोंब फुटतात, त्यांच्या टोपल्या विणायच्या. हे वाचताना मी पुस्तक खाली ठेवलं. ओकच्या जागी मोह घातला तर ही आमच्याच तालुक्यातली गोष्ट होती.

ही आग बंद कशी झाली? आधी हुकूम निघाला. ३१ मे १७९३ रोजी कॅलिफोर्नियाचा स्पॅनिश गव्हर्नर अरियागा यानं स्थानिक लोकांनी रानं पेटवू नयेत असा जाहीरनामा काढला. त्याला काळजी होती गुरांच्या चाऱ्याची. पुढे हा मुलूख अमेरिकेकडे गेला. १८५० मध्ये नव्या राज्यानं स्थानिकांच्या 'संरक्षणाचा' म्हणून एक कायदा केला, त्यात रान पेटवणाऱ्याला शिक्षा होती. याच कायद्याखाली त्यांच्या मुलांना आणि मोठ्यांना वेठीला धरायचीही सोय होती, यावरून 'संरक्षण' कसलं ते समजावं.

सोन्याच्या शोधात गोऱ्यांची झुंबड उडाली होतीच. १८५१ मध्ये 'मॅरिपोसा बटालियन' नावाची फौज दरीत शिरली. तिचा म्होरक्या होता जेम्स सॅव्हेज, डोंगरात व्यापाराचं ठाणं चालवणारा. फौजेनं लोकांना हुसकावलं, घरं आणि साठवलेलं धान्य जाळलं. तेरा वर्षांनी, १८६४ मध्ये, अध्यक्ष लिंकन यांनी हीच दरी सार्वजनिक सौंदर्यस्थळ म्हणून राखून ठेवायच्या कायद्यावर सही केली. आता तिथे पर्यटक आले. ज्यांनी ती दरी तशी मोकळी ठेवली होती ते लोक हाकलले गेले होते किंवा मजूर होऊन कडेला राहत होते.

दरीचा पहिला राखणदार गॅलन क्लार्क यानं ती १८५५ मध्ये पहिल्यांदा पाहिली होती. १८९४ मध्ये त्यानं लिहून ठेवलं की तेव्हा दरीत दाट झाडोरा नव्हता, कुठूनही लांबवर दिसायचं आणि मोकळी कुरणं आताच्या चौपट होती. स्थानिक लोक दरवर्षी आग लावून हे राखत, हेही त्यानं सांगितलं. जंगलाचं काय होतंय हे सरकारच्याच माणसाला कळलं होतं. ऐकलं कोणी नाही.

आता इथे गोष्ट आपल्याकडे वळते.

१८६४ हेच साल आपल्या वनखात्याच्या स्थापनेचं. डिट्रिख ब्रँडिस हे जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञ त्याचे पहिले प्रमुख झाले. इंग्रजांना रेल्वेच्या स्लीपरसाठी साग आणि साल हवा होता, आणि दर उन्हाळ्यात जंगलात फिरणारी आग त्यांना नुकसान वाटत होती. नागपूर राजधानी असलेल्या तेव्हाच्या मध्य प्रांतात पिअर्सन नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात जाळरेषा आखून, पहारे बसवून आग रोखायचा प्रयोग केला. बोरीचं जंगल १८६५ मध्ये राखीव झालं. प्रयोग जमला असं मानलं गेलं आणि तो सगळीकडे नेला. १८७८च्या वन कायद्यानं राखीव जंगलात आग लावणं गुन्हा ठरवलं. १९२७च्या कायद्याच्या कलम २६ मध्ये ते आजही आहे.

हे ब्रँडिस निवृत्त होऊन जर्मनीत बॉन शहरी राहायला गेले. १८८९ मध्ये एक अमेरिकन तरुण त्यांना भेटायला आला, गिफर्ड पिंचो. अमेरिकेत तेव्हा वनशास्त्र शिकवणारी संस्था नव्हती. ब्रँडिसनी त्याला फ्रान्समध्ये नान्सीच्या वनविद्यालयात शिकायला सांगितलं, युरोपातली जंगलं दाखवली आणि पुढे अनेक वर्षं पत्रांतून सल्ला दिला. हाच पिंचो १९०५ मध्ये अमेरिकेच्या फॉरेस्ट सर्व्हिसचा पहिला प्रमुख झाला आणि ब्रँडिसना त्यानं आयुष्यभर गुरू मानलं.

मी असं म्हणत नाही की अमेरिकेचं आगीचं धोरण सातपुड्यातून उचललं. त्याला त्यांची स्वतःची कारणं होती. पण जंगल म्हणजे सरकारी लाकडाचं कोठार, आग म्हणजे त्या कोठारातली चोरी आणि आग लावणारा रानातला माणूस अडाणी, ही समजूत दोन्हीकडे एकाच शाळेतली होती.

१९१० च्या ऑगस्टमध्ये त्या समजुतीवर शिक्का बसला. २० आणि २१ तारखेला, दोन दिवसांत, आयडाहो आणि मोंटानातलं सुमारे ३० लाख एकर जंगल जळालं. ८०च्या वर माणसं मेली, बहुतेक आग विझवायला गेलेली. त्याचा धूर देशाच्या पूर्व टोकापर्यंत पोचला. त्याच काळात कॅलिफोर्नियातले काही शेतकरी आणि लाकूडवाले म्हणत होते की हिवाळ्यात हलकी आग फिरवू द्या, मूळचे लोक तेच करत होते. फॉरेस्ट सर्व्हिसवाल्यांनी तिथल्या एका जमातीचं नाव जोडून त्याला 'पायूट वनशास्त्र' म्हणत खिल्ली उडवली. थोडक्यात, आदिवासींचा अडाणीपणा.

१९३५ मध्ये नियम आला की कुठेही आग दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत ती आटोक्यात यायलाच हवी. हा नियम आणणारे सिलकॉक्स १९१०च्या आगीच्या वेळी त्याच भागात कामाला होते. १९४४ पासून टोपी घातलेलं अस्वल 'स्मोकी' पोस्टरवरून सगळ्या देशाला आग विझवायला सांगू लागलं. विमानं आली, रस्ते झाले, आगी खरंच विझायला लागल्या. हवा स्वच्छ झाली. आज जे साठीत आहेत ते बिनधुराच्या उन्हाळ्यांत वाढले आणि तीच निसर्गाची रीत असं समजले.

पण न जळलेला पाला कुठे जात नाही. तिथला उन्हाळा कोरडा, त्यामुळे तो कुजतही नाही. तो साठत गेला. झाडाखाली झाड, त्याखाली झुडूप, अशी आगीला वर चढायची शिडी तयार झाली. त्यात हवामान तापलं. २०१२ पासून चार-पाच वर्षं दुष्काळ पडला आणि साल पोखरणाऱ्या किड्यांनी झाडं घेरली. २०१७ अखेरपर्यंत कॅलिफोर्नियात १२ कोटी ९० लाख झाडं वाळून मेलेली मोजली गेली. फर्ग्युसन फायर पेटली ती अशा जंगलात. सुमारे ९७ हजार एकर जळालं, दोन जवान गेले. दरी १४ ऑगस्टला उघडली, तोवर आम्ही परत आलो होतो.

ती आग लागली कशी, हे मी मागाहून वाचलं. तपासात निघालं की रस्त्यावरच्या एका गाडीच्या सायलेन्सरकडून तापलेले तुकडे कडेच्या वाळक्या गवतात पडले. म्हणजे मोहवाला नाही, ओकवाला नाही, तर आमच्यासारखंच कोणीतरी गाडी घेऊन चाललेलं. आणि जागा? 'सॅव्हेज ट्रेडिंग पोस्ट'जवळ. १८५१ मध्ये ज्यानं त्या दरीतल्या लोकांना हाकललं, त्याच जेम्स सॅव्हेजचं नाव लागलेली जागा. याचा फार मोठा अर्थ काढू नये, योगायोगच तो. पण मी विसरू शकलेलो नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पॅराडाइज नावाचं गाव जळालं, ८५ माणसं गेली. २०२० मध्ये राज्यात ४० लाख एकरांहून जास्त जळालं, तेव्हा सगळे हादरले. हा आकडा १८०० आधीच्या सरासरीच्या जवळपासच आहे. फरक एकरांत नाही, जळण्यात आहे. तेव्हाची आग बरीचशी पाल्यातून चालायची, जागोजागी, वर्षभरात विभागून. आताची शेंड्यावरून धावते आणि साठ-सत्तर वर्षांचा थकलेला धूर एकाच महिन्यात देते. आईच्या छातीत गेला असता तो धूर हा होता.

अमेरिकेनं चूक कबूल केली, पण हळूहळू. राष्ट्रीय उद्यानांनी १९६८ मध्ये धोरण बदललं, फॉरेस्ट सर्व्हिसनं सकाळी दहाचा नियम १९७८ मध्ये सोडला. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियानं कायदे करून मूळ रहिवाशांच्या पारंपरिक आगीला मान्यता दिली आणि काळजीपूर्वक आग लावणाऱ्याला नुकसानभरपाईच्या भीतीतून थोडं मोकळं केलं. यूरोक, कारूक, मोनो लोक आता उघडपणे आपली रानं जाळतात आणि सरकारी कर्मचारी ते शिकायला येतात. १७९३चा हुकूम फिरायला सव्वादोनशे वर्षं लागली.

आणि आपण? गंमत म्हणजे आपल्याकडच्या गोऱ्या साहेबांना ही शंका अमेरिकेच्या आधी आली होती. ब्रह्मदेशात आग बंद केल्यावर सागाची नवी रोपं नीट येईनात, तेव्हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तिथे बऱ्याच जंगलांत आगबंदी सैल केली गेली. वनखात्याला हंगामाच्या सुरुवातीला, ओल असताना हलकी आग फिरवणं माहीत आहे. जाळरेषा तर दरवर्षी जाळूनच तयार होतात. म्हणजे आगीचा उपयोग खात्याला मान्य आहे. फक्त काडी कोणाच्या हातात, हा प्रश्न आहे.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल पत्रकार अमेरिकेला जाऊन आला आणि आग लावा म्हणतो. आमचं जंगल म्हणजे कॅलिफोर्निया नाही. आपल्याकडे पाऊस पाला कुजवतो. एप्रिलच्या भर उन्हात लावलेली आग रोपं मारते, जमिनीवर घरटं करणारे पक्षी मारते आणि मोहाच्या झाडाखालून निघून दहा मैल जाते. पूर्वी गावात माणसं होती, आग लावणारा तिच्यासोबत थांबायचा. आता घरातले तरुण शहरात, वेचायला म्हातारी एकटी, ती पेटवते आणि टोपली घेऊन पुढच्या झाडाकडे जाते. झाडाखाली जाळी बांधली, पाला झाडून घेतला तरी मोह वेचता येतो, आणि काही गावं तसं करतातही. वणवा लागला की विझवायला धावणारेही बहुतेक वेळा याच गावांतले असतात.

मला म्हणायचं आहे ते एवढंच. कॅलिफोर्नियानं आग लावणाऱ्या माणसाला गुन्हेगार ठरवलं आणि त्याला विचारणं बंद केलं. कधी लावतोस, कुठे लावतोस, का लावतोस, कशी थांबवतोस, हे त्याच्याकडेच होतं. ते विचारायचं राहिलं आणि त्याची किंमत पुढच्या पाच पिढ्या मोजताहेत, त्यात आमच्यासारखे चार दिवसांचे पाहुणेही आले.

आम्हाला निदान दुसरीकडे जाता आलं. हॉटेलचे पैसे गेले, पण गाडी होती, समुद्र होता, नकाशा होता. आमच्या टेकडीखालच्या वस्तीतल्या दमेकरी म्हातारीला बेत बदलायची सोय नाही. धूर आला की ती दार लावून घेते.

काल सकाळी मी त्या टेकडीवर गेलो होतो. वीस वर्षांच्या पत्रकारितेत पहिल्यांदा. मोह वेचणाऱ्या तीन बायका भेटल्या. आग कोणी लावली हे त्यांनी सांगितलं नाही, मीही ते विचारलं नाही. पूर्वी पाला कधी जाळायचे, एवढंच विचारलं. एक म्हातारी म्हणाली, "फुलं पडायच्या आधी, सकाळच्या दवात. आता तेवढ्या लवकर कोण येते बाबू."

ही बातमी मी अजून लिहिलेली नाही. अजून दोन-चार गावं फिरून, खात्याच्या माणसांशीही बोलून मग लिहीन. तुमच्या गावात जाळायची जुनी रीत काय होती, कोणत्या महिन्यात, कोण सोबत थांबायचं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि इथे खाली लिहा. नाव नको असेल तर इनबॉक्समध्ये सांगा.